हात खाली पडला म्हणजे नस कमजोर? स्नायू-चाचणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजाराच्या मागच्या एका गल्लीत माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. बडोद्यात याच कामात एकवीस वर्षं गेली. पूर्वी पेशंट विचारायचे, "ताई, शेक किती दिवस?" आता विचारतात, "तुम्ही ते हात दाबून टेस्ट करता का हो?" कुणाच्या सोसायटीत शिबिर होऊन गेलेलं असतं, कुणाला पुण्याच्या वन्संनी व्हिडिओ पाठवलेला असतो. एका हातात बटाटा धरायचा, दुसरा हात आडवा करायचा, समोरचा दोन बोटांनी दाबतो, हात खाली जातो, आणि बटाटा कायमचा बंद! एकेकाला समजावून सांगेपर्यंत बाहेर बाकावर चार जण ताटकळतात, म्हणून इथे लिहून ठेवलं आहे. प्रश्न पेशंटच्या तोंडचेच आहेत.

मसल टेस्टिंग म्हणजे नेमकं काय?

एकाच नावाने दोन अगदी वेगळ्या गोष्टी ओळखल्या जातात, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

पहिली आम्ही फिजिओ, हाडांचे डॉक्टर आणि न्यूरॉलॉजिस्ट रोज करतो ती. एखाद्या स्नायूत किती ताकद आहे हे हाताने विरोध करून पाहायचं आणि त्याला शून्य ते पाच असा आकडा द्यायचा. त्यावरून त्या स्नायूपर्यंत येणारी नस नीट काम करते का, याचा अंदाज येतो.

दुसरी शिबिरातली. तिचं नाव अप्लाइड कायनेसिऑलॉजी, किंवा नुसतंच 'कायनेसिऑलॉजी टेस्ट'. तिच्यात स्नायू हे निमित्त असतं. हात पडला की त्यावरून जठर, मूत्रपिंड, ॲलर्जी, व्हिटॅमिन, मनातली भीती, काहीही वाचता येतं असा दावा असतो. तुमची चेतासंस्था म्हणजे जणू बिघाड दाखवणारा दिवा आणि हात त्याचं बटण.

दिसायला दोन्ही सारख्याच. दोन्हीकडे कुणीतरी तुमचा हात दाबतंच. त्यामुळे "फिजिओ पण हेच करतात ना?" असं लोकांना वाटलं तर त्यांचा दोष नाही.

या दोन्ही आल्या कुठून?

पहिली आली पोलिओतून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पोलिओच्या साथी येत होत्या आणि कोणत्या मुलाचा कोणता स्नायू किती गेला, किती परत आला, हे नोंदवायची गरज होती. बोस्टनचे अस्थिशल्यचिकित्सक रॉबर्ट लव्हेट आणि त्यांच्या सहायक विल्हेल्माइन राइट यांनी गुरुत्वाकर्षणाचाच मापासारखा उपयोग केला: अवयव स्वतःचं वजन उचलतो का, की आडवा ठेवल्यावरच हलतो? राइट यांनी ही पद्धत १९१२ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे दुसऱ्या महायुद्धात नसांना जखमा झालेले सैनिक तपासताना ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने शून्य ते पाचची श्रेणी रूढ केली. आज जगभर तीच चालते.

दुसरी आली डेट्रॉइटहून. जॉर्ज गुडहार्ट नावाचे कायरोप्रॅक्टर, म्हणजे हाताने मणके दाबून-वळवून उपचार करणारे, होते. १९६४ मध्ये त्यांच्याकडे एक तरुण आला, त्याच्या खांद्याचं पातं मागे पंखासारखं उचललं जायचं. गुडहार्टनी त्या स्नायूची टोकं जिथे हाडाला चिकटतात तिथल्या दुखऱ्या गाठी चोळल्या आणि ताकद लगेच परत आली, असं त्यांनी सांगितलं. इथवर ठीक आहे. पातं असं उचललं जाणं हे खरं लक्षण आहे. भिंतीला तळवे टेकवून ढकलायला सांगितलं की आजही आम्हाला ते दिसतं, आणि त्या स्नायूची नस कोणती हेही पक्कं ठाऊक आहे. पण पुढच्या काही वर्षांत या पद्धतीत एकेक स्नायू एकेका अवयवाशी जोडला गेला. खांद्याचा डेल्टॉइड म्हणजे फुप्फुस, मांडीचा पुढचा स्नायू म्हणजे लहान आतडं, कमरेतला सोआस म्हणजे मूत्रपिंड. ही जोडणी शरीररचनाशास्त्रात नाही. डेल्टॉइडची नस मानेच्या मणक्यांतून निघणाऱ्या पाचव्या-सहाव्या मुळापासून येते आणि फुप्फुसाला जात नाही. १९७३ मध्ये जॉन थी यांनी हीच पद्धत घरगुती वापरासाठी 'टच फॉर हेल्थ' म्हणून सोपी करून दिली. शिबिरांत आज जे दिसतं त्याचा बराच भाग तिथून आलेला आहे.

पण माझा हात खरंच पडला. मी काही नाटक केलं नाही.

मला माहीत आहे. हात पडतो, आणि तुम्ही नाटक केलेलं नसतं. या प्रश्नाला मी नेहमी उभं राहूनच उत्तर देते, कारण ते करून दाखवावं लागतं. तुम्हीही घरी कुणालातरी उभं करा.

समोरच्याला हात खांद्याच्या रेषेत आडवा धरायला सांगा. आधी कोपराच्या जरा वर दाबा. मग तितक्याच जोराने मनगटावर दाबा. मनगट खांद्यापासून कोपराच्या जवळजवळ दुप्पट लांब आहे, त्यामुळे तोच जोर खांद्याला जवळजवळ दुप्पट जाणवतो. कडी दाराच्या कडेला का बसवतात, बिजागरीजवळ का नाही, तेच गणित. आता पुढची गंमत. एकदा "धरा हं, दाबते" असं म्हणून एक श्वासभर थांबून दाबा, आणि एकदा बोलता बोलताच दाबा. दुसऱ्या वेळी हात खाली जातो, कारण मेंदूला जोराचा अंदाज येऊन स्नायू आवळेपर्यंत क्षणाचा काही भाग जातो आणि तेवढ्यात हात निम्म्या वाटेवर पोहोचलेला असतो. तिसरं म्हणजे दिशा. सरळ खाली दाबण्याऐवजी किंचित पुढे आणि खाली दाबलं तर वेगळ्याच स्नायूंना काम पडतं. चौथं म्हणजे थकवा. तोच हात सहा-सात वेळा तपासला की सातव्यांदा तो पहिल्यासारखा राहत नाही.

आता शिबिरातला क्रम आठवा. पहिल्यांदा रिकाम्या हाताने चाचणी होते, सगळ्यांचं लक्ष असतं, हात टिकतो. मग हातात साखरेची पुडी देतात. "आता बघू हं," असं म्हणत दाबतात. तोवर तुम्हालाही ठाऊक झालेलं असतं की साखर वाईट. समोरच्या खुर्च्यांवर तीस माणसं श्वास रोखून बसलेली असतात. हात पडतो. साखर तर पुडीतून बाहेरही आलेली नसते.

तेव्हा हात पडला याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कशामुळे पडला याबद्दल.

तपासणारे भले आहेत, पैसेही घेत नाहीत. ते कशाला फसवतील?

बहुतेक जण फसवत नाहीत. ते स्वतःच फसलेले असतात, आणि त्यात मूर्खपणाचा काही संबंध नाही. अपेक्षा असली की हाताला न कळत हालचाल होते. दोऱ्याला अंगठी बांधून पोटावर धरून मुलगा की मुलगी सांगायचा खेळ आपल्या आज्यांनी खेळलेलाच आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी असाच लंबक स्वतःच्या हातात धरून पाहिला आणि १८३३ मध्ये त्याबद्दल लिहिलं. डोळ्यांवर पट्टी बांधली की तो फिरायचा थांबतो, हे त्यांच्या लक्षात आलं. १८५२ मध्ये विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने या नकळत हालचालीला नाव दिलं. बर्लिनचा 'हुशार हान्स' घोडा बेरजा-वजाबाक्यांची उत्तरं टाप आपटून द्यायचा. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये तपासलं, तेव्हा कळलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोड्यालाही येत नाही. विचारणाऱ्याच्या मानेची इवलीशी हालचाल तो टिपत होता. त्याचा मालक प्रामाणिक होता.

आणि दुसऱ्याचं कशाला, माझंच सांगते. प्रॅक्टिसच्या चौथ्या-पाचव्या वर्षी एक काका कंबरदुखीने आले. मी आधी एमआरआयचा रिपोर्ट वाचला: डावीकडे कमरेतल्या पाचव्या मुळावर दाब. मग दोन्ही पायांचे अंगठे तपासले. डावा थोडा कमी लागला, मी वहीत चार लिहिलं. पायाला पट्टा लावायला घेतला तेव्हा काका म्हणाले, "ताई, दुखतं तर उजवीकडे." टायपिंगमध्ये बाजू उलटी झाली होती. डाव्या अंगठ्याला काहीही झालेलं नव्हतं. पण रिपोर्ट वाचून बसलेल्या माझ्या हाताला तो कमजोर लागला होता! तेव्हापासून मी आधी तपासते आणि रिपोर्ट नंतर उघडते. पेशंटला विचित्र वाटतं. "एवढा हजारोंचा एमआरआय काढला, बघा तरी!" म्हणतात. बघते, पाच मिनिटांनी.

यावर कुणी नीट अभ्यास केलेत का?

केलेत. मुद्दा नेहमी एकच असतो: कोणती वस्तू दिली आहे हे ना तपासणाऱ्याला माहीत असावं, ना पेशंटला. झाकून पाहायचं.

१९८८ मध्ये अमेरिकेत तीन अनुभवी तपासनिसांनी ११ जणांचं चार पोषकद्रव्यांसाठी परीक्षण केलं: थायामिन, जस्त, व्हिटॅमिन ए आणि सी. तिघांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत, प्रयोगशाळेच्या तपासण्यांशीही जुळले नाहीत. २००१ मध्ये जर्मनीत गांधीलमाशीच्या विषाची ॲलर्जी ओळखता येते का ते पाहिलं, निकाल नुसत्या अंदाजाहून चांगला आला नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एका कुपीत विषारी रसायन होतं, दुसरीत मिठाचं पाणी. १५१ वेळा चाचणी झाली आणि विषाची कुपी ८० वेळा ओळखली गेली, म्हणजे ५३ टक्के. नाणं उडवूनही साधारण तेवढंच येतं.

माझा आवडता किस्सा मात्र रे हायमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी लिहून ठेवलेला आहे. कायरोप्रॅक्टरांच्या एका गटाने जिभेवर ग्लुकोज ठेवलं की हात पडतो आणि फ्रुक्टोज ठेवलं की टिकतो, हे छान करून दाखवलं. मग नळ्यांवर नुसते सांकेतिक आकडे घालून पुन्हा केलं. काहीच मेळ बसला नाही. तेव्हा त्यांच्या प्रमुखाने जे सांगितलं त्याचा आशय असा, की बघा, म्हणूनच आम्ही झाकून चाचण्या करत नाही, त्या कधी जमतच नाहीत. हे तो गंभीरपणे म्हणाला होता.

हे घरी करून पाहता येईल का?

जरूर. रविवारी दुपारी अर्धा तास लागतो. दोन सारख्या स्टीलच्या डब्या घ्या, एकीत साखर आणि दुसरीत तेवढ्याच वजनाचं मीठ. झाकणं घट्ट लावून चिकटपट्टी मारा. तिसऱ्या माणसाने दुसऱ्या खोलीत नाणं उडवायचं, छाप आला तर साखरेची डबी कापडात गुंडाळून आणायची, काटा आला तर मिठाची. कोणती आणली ते त्याने आपल्या वहीत लिहायचं आणि तोंड फिरवून उभं राहायचं, कारण त्याचा चेहरा सगळं सांगून टाकतो. दाबणाऱ्याने दाबावं, "पडला" किंवा "टिकला" एवढंच लिहावं. असं दहा वेळा. ती वही शेवटीच उघडायची; साखरेला पडला आणि मिठाला टिकला तर बरोबर.

नुसत्या नशिबावर दहापैकी पाचच्या आसपास बरोबर येतात. आठ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात साडेपाच, नऊ किंवा जास्त येण्याची शंभरात एक. तुम्हाला नऊ आले तर पुन्हा एकदा करा आणि मला येऊन सांगा, मी चहा पाजेन. आजवर चार घरांनी हे करून मला वही दाखवली. एका घरात सहा आले, तेव्हा आजोबांचं म्हणणं होतं की मीठ जुनं असणार.

मग तुमच्या चाचणीवर तरी विश्वास का ठेवायचा? तीही हातानेच होते.

विचारायलाच हवा असा प्रश्न आहे. आमच्या चाचणीतही माणूसच दाबतो, आणि वर सांगितलं तसा माणूस चुकतो. श्रेणीतले खालचे आकडे बऱ्यापैकी पक्के आहेत. शून्य म्हणजे काहीच हालचाल नाही. एक म्हणजे बोटाखाली नुसती थरथर. दोन म्हणजे वजन नसलं तर हलतो, तीन म्हणजे स्वतःचं वजन उचलतो. इथवर गुरुत्वाकर्षण साक्षीदार असतं. गोंधळ चारमध्ये आहे. 'थोडा विरोध सहन करतो' ते 'जवळजवळ नॉर्मल' हे सगळं चारमध्येच येतं, आणि माझा चार दुसऱ्या फिजिओचा चार असेलच असं नाही. म्हणून हातात धरायचं ताकदमापक यंत्र वापरतात, ते किलोग्रॅममध्ये आकडा देतं. आणि पोटरीसारखा स्नायू हाताने तपासण्यात अर्थच नसतो, तो माझ्यापेक्षा कितीतरी दांडगा असतो. त्याला एका पायावर टाच उचलायला लावतात, साधारण २५ वेळा जमलं तर पाच. नवरात्रात मात्र कृपा करून या चाचणीला येऊ नका. रात्री दोनपर्यंत गरबा खेळून आलेल्या पोटऱ्या दहाव्या उचलीला हात टेकतात आणि घरचे घाबरतात.

दुसरं म्हणजे आम्ही एका स्नायूवर कधीच निदान करत नाही. स्पर्श, टाचणीची टोच, हातोडीने उठणारे झटके, चाल, हे सगळं एकाच जागेकडे बोट दाखवतंय का ते पाहतो. दाखवत नसेल तर माझी चाचणी चुकली असं आधी धरायचं.

तुमच्या चाचणीतून नसेबद्दल कळतं तरी काय?

एक उदाहरण सांगते, म्हणजे लक्षात येईल. मांडवीजवळचे एक कापड-व्यापारी आले. तक्रार अशी की उजवी चप्पल चालताना निसटते. शिबिरात त्यांना मूत्रपिंडाचा प्रवाह कमजोर आहे असं सांगून पाणी, पावडर आणि पायाच्या तळव्याला चोळायचं काहीतरी दिलं होतं. महिना झाला तरी चप्पल निसटतच होती.

टाचांवर चालायला सांगितलं, तर उजवा चवडा उचलेना. म्हणजे घोटा वर ओढणारा स्नायू कमजोर. हे दोन ठिकाणच्या बिघाडाने होऊ शकतं: कमरेत पाचवं मूळ दबलेलं असेल, किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथे नस हाडाला अगदी चिकटून जाते, तिथे ती दबली असेल. दोन्हीत चप्पल सारखीच निसटते. मग कसं ओळखायचं? पाऊल आत वळवणारा स्नायू पाहायचा. त्याला पाचवं मूळच पुरवठा करतं, पण दुसऱ्या वाटेच्या नसेतून. तो कमजोर निघाला तर कंबर, शाबूत निघाला तर गुडघा. मग कुशीवर झोपवून मांडी बाजूला उचलायला लावायची, नितंबाचा तो स्नायूही पाचव्या मुळाचाच. या शेठजींचे दोन्ही ठणठणीत होते. फक्त पाऊल वर आणि बाहेर नेणारे स्नायू कमजोर, आणि पावलाच्या वरच्या भागावर बधिरपणा.

मी विचारलं, "गादीवर कसे बसता?" त्यांनी टेबलावरच बसून दाखवलं. मांडी घालून, उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू गादीच्या लाकडी कडेवर. दिवसाचे आठ तास, आणि त्यात लग्नसराई. न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं, त्यांच्या तपासणीत नस तिथेच दबलेली निघाली. खुर्ची, पायाला आधारपट्टी, व्यायाम. चवडा उचलायला तीन महिने लागले. "गादी सोडून खुर्चीवर बसलो तर गिऱ्हाईक काय म्हणेल?" हीच त्यांची खरी अडचण होती.

नसांचा नकाशा असा उपयोगी पडतो. शेठजींच्या चाचणीत मूत्रपिंड कुठे आलंच नाही.

मला गहू बंद करायला सांगितलंय. करू का?

नुसत्या हात पडण्यावरून नको. आणि शंका असेल तर तपासणीच्या आधी तर मुळीच नको. गव्हाचा खरा आजार, म्हणजे सिलिॲक, रक्ताच्या तपासणीत ओळखला जातो, पण त्यासाठी पोटात गहू जात असावा लागतो. दोन-तीन महिने पोळी बंद करून मग रक्त दिलंत तर आजार असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. ॲलर्जीसाठी त्वचेवर टोचून करायची चाचणी आणि रक्ताची चाचणी असते, आणि शेवटचा निर्णय डॉक्टरच्या देखरेखीखाली तो पदार्थ खाऊन पाहण्याचा. दूध पचत नाही हा वेगळा प्रकार, ॲलर्जी वेगळी. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस संस्थेने २०११ मध्ये लहान मुलांच्या अन्न-ॲलर्जीसाठी अप्लाइड कायनेसिऑलॉजी वापरू नये असं स्पष्टच लिहिलं आहे.

शाकाहारी घरात दूध, गहू आणि बटाटा एकदम बंद झाला तर ताटात उरतं काय? एक काकू सहा महिने राजगिरा आणि काकडीवर होत्या. पायाच्या मुंग्या वाढल्या म्हणून आल्या. त्यांचं बी-१२ तपासलं तर खूपच खाली. बी-१२ मुळात दूध-दह्यातूनच थोडंफार मिळत होतं, तेही बंद केलेलं. नसांवरचं आवरण टिकायला बी-१२ लागतं, त्यामुळे नसा मजबूत करण्यासाठी केलेल्या पथ्याने नसाच आणखी अडचणीत आल्या. इंजेक्शनं सुरू झाली. पहिल्या आठवड्यात त्यांनी बडोद्याचा बटाट्याचा लीलो चेवडो खाल्ला आणि मला फोन करून सांगितलं.

बाळाची चाचणी आईच्या हातावरून करतात, ती?

आईने बाळाला धरायचं आणि आईचा हात दाबायचा. बाळाच्या नसांचा आईच्या दंडाशी कोणता संबंध असतो, हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही. बाळ मान धरत नसेल, एक हात कमी हलवत असेल, तर बालरोगतज्ज्ञ.

मनगटात पट्टी घातली की तोल सुधारतो, तेही करून दाखवतात.

वरची हात दाबायची युक्तीच आहे, फक्त तोलासाठी. पट्टी घालण्याआधी बाहेरच्या बाजूला ओढायचं, घातल्यावर अंगाच्या जरा जवळ ओढायचं. ऑस्ट्रेलियात अशा एका नामांकित पट्टीच्या कंपनीला शास्त्रीय पुरावा नाही असं ग्राहक आयोगासमोर २०१० मध्ये मान्य करावं लागलं होतं.

पण तिथे जाऊन मला बरं वाटलं. त्याचं काय?

वाटलं असेल, मी नाही म्हणत नाही. तिथे कुणीतरी पाऊण तास तुमचं ऐकतं, हाताला हात लावतं, नावाने विचारतं. आमच्यासारख्यांकडे बाहेर रांग असते आणि दहाव्या मिनिटाला आमची नजर घड्याळाकडे जाते. हा आमचा दोष आहे आणि अशी शिबिरं त्यावरच चालतात. शिवाय कंबरदुखी, मानदुखी चढ-उतार होतच राहते. आपण जातो ती सगळ्यात वाईट दिवशी, त्यानंतर बहुतेकदा उतारच असतो. चोळणं, ताणणं यानेही आराम मिळतो. तो आराम घ्या. त्याच्या जोरावर गोळ्या मात्र बंद करू नका.

हे बेकायदेशीर आहे का?

हात दाबणं बेकायदेशीर नाही. पण १९५४ चा औषधे आणि चमत्कारी उपचार यांच्या जाहिरातींविषयीचा कायदा आहे. त्याच्या यादीत मधुमेह, फेफरं, लकवा असे आजार आहेत. ते बरे करू अशी जाहिरात करता येत नाही. शिबिराच्या पत्रकावर 'लकवा मुळापासून बरा' असं छापलेलं दिसलं तर पत्रक जपून ठेवा.

मला डायबेटीस आहे, तळपाय जळतात. हाताच्या चाचणीत 'सगळं ठीक' आलं.

डायबेटीसमध्ये नसा बहुतेकदा लांबच्या टोकाकडून बिघडतात, म्हणजे आधी पायाची बोटं. संवेदना आधी जाते, ताकद बऱ्याच उशिरा. म्हणजे माझ्याही चाचणीत ताकद पाच येईल आणि पाय तरीही धोक्यात असेल. त्यासाठी दहा ग्रॅमचा नायलॉनचा तंतू टेकवून पाहतात आणि सेकंदाला १२८ कंपनांचा धातूचा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) पायाच्या अंगठ्याच्या हाडावर ठेवतात. पाच मिनिटांचं काम, वर्षातून एकदा तरी करून घ्याच. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ पण बघा. आणि घरी विचारा: चप्पल पायातून निघून गेली आणि तुम्हाला कळलंच नाही, असं कधी झालंय का? मंदिरातून एकाच पायात चप्पल घालून परतलेले आजोबा मी पाहिले आहेत.

एनसीव्ही आणि ईएमजी दुखतं का?

एनसीव्हीत त्वचेवरून छोटे झटके देतात आणि नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजतात. हाताच्या निरोगी नसेत तो सेकंदाला साधारण ५० मीटर किंवा त्याहून जास्त असतो. ईएमजीत बारीक सुई स्नायूत घालतात, ती टोचते. खोटं सांगून काय उपयोग? पण सहन होते. हात गार असले तर वेग उगाच कमी दिसतो, म्हणून जानेवारीत सकाळी जात असाल तर हात गरम करून जा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा पेसमेकर असेल तर आधी सांगा.

कधी कुठल्याही चाचणीची वाट पाहू नये?

तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय पडला, बोबडी वळली तर १०८ ला फोन. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यात शेजाऱ्यांचा सल्ला घेण्यात अर्धा तास घालवू नका. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायची जागा बधिर झाली, तर त्याच रात्री एसएसजी (बडोद्याचं सरकारी सयाजी रुग्णालय) किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल. दोन्ही पायांतली ताकद दोन-चार दिवसांत खालून वर कमी होत चालली असेल तरीही तेच. या तिन्ही वेळी माझ्याकडेही येऊ नका.

तुमच्याकडे येताना काय करायचं?

गुडघ्याच्या वर सरकेल असा सैल पायजमा किंवा सलवार. रोजच्या गोळ्यांची पट्टी आणा, नुसतं "ती गुलाबी" सांगून मला कळत नाही. जुनी चप्पल घालून या, नवी नको. झिजलेल्या तळव्यावरून चालण्याबद्दल बरंच कळतं. रिपोर्ट आणा, पण पिशवीतच राहू द्या, मी मागेन तेव्हा काढा. गल्लीत गाडी लागत नाही, दुचाकी किंवा रिक्षाने आलात तर बरं.